दारातून बॅग काढा

बंद होणाऱ्या दारात चाकांची बॅग सरकवून गाडी थांबवायची आणि वर ते चारचौघांत हसत सांगायचं, यात कसली फुशारकी आहे? माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तुमच्यापैकी एकाने अटलांटा विमानतळावरचा तो किस्सा सांगितला आणि सगळं टेबल खिदळलं. तुमच्या घरची माणसं शेजारी बसली होती म्हणून मी गप्प राहिले. आता ऐका. सगळ्यांनी ऐका, कारण हसलात सगळेच.

तुम्हाला वाहतूक अभियांत्रिकी मी शिकवली. आज तुमच्यातले कितीतरी जण दर आठवड्याला विमानात असतात. कोणाकडे सोनेरी कार्ड, कोणाकडे प्लॅटिनम. कुठल्या विमानतळावर कुठल्या लाऊंजमध्ये कॉफी बरी मिळते, हे तुम्हाला तोंडपाठ. पण ती गाडी तिथे का आहे, कोणासाठी आहे आणि तुमच्या एका बॅगेने तिचं काय होतं, याचा विचार एकाच्याही मनात आला नाही. याच विषयाच्या पेपरात भरभरून गुण घेतलेत तुम्ही. ते गुण गेले कुठे?

पुन्हा फळ्यावर मांडते. अटलांटाची आजची रचना २१ सप्टेंबर १९८० ला सुरू झाली. समांतर धावपट्ट्यांच्या मधोमध एकामागे एक उभ्या असलेल्या लांबलचक इमारती, म्हणजे कॉनकोर्स. टी, ए, बी, सी, डी हे आधीचे. १९९६ च्या ऑलिंपिकच्या तयारीत, १९९४ मध्ये ई आला आणि २०१२ मध्ये एफ. दोन कॉनकोर्सच्या मधल्या पट्ट्यात विमानं फिरतात, त्यामुळे माणसांना जमिनीखालूनच जावं लागतं. तिथून धावते ती ‘प्लेन ट्रेन’. तिला चालक नाही. गर्दीच्या वेळी साधारण दोन मिनिटांना एक गाडी. २०२० चं करोनाचं वर्ष सोडलं तर १९९८ पासून प्रवासीसंख्येत हा विमानतळ जगात पहिला आहे, आता वर्षाला दहा कोटींहून अधिक. त्यातले बहुतेक जण अटलांटाला जायला आलेले नसतात. एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायला आलेले असतात. त्या विमानतळाचा सगळा व्यवहार या गाडीच्या भरवशावर चालतो.

आता तुमची बॅग. समजा, फलाटावर मिनिटाला शंभर माणसं येतात. दोन मिनिटांच्या अंतराने गाडी आली की दोनशे जण चढतात. बॅगेमुळे दार पुन्हा उघडलं, तेवढ्यात आणखी दोघं शिरले, पुन्हा सूचना झाली, पुन्हा दार लागलं. अर्धं मिनिट गेलं. पुढच्या स्टेशनावर आता दोनशे नव्हे, अडीचशे माणसं उभी आहेत. अडीचशेंना चढायला जास्त वेळ लागतो, म्हणून गाडी तिथे आणखी रेंगाळते. त्याच्या पुढच्या स्टेशनावर गर्दी अडीचशेच्याही वर गेलेली असते. मागच्या गाडीला पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय सोडत नाहीत, ती बोगद्यात उभी. तिच्यामागची फलाटावर खोळंबलेली. गाड्यांचे असे घोळके होतात, आणि एकदा झाले की आपोआप सुटत नाहीत. हे मी तुम्हाला बसच्या उदाहरणाने शिकवलं होतं, गणित तेच आहे. तुमचं विमान तुम्हाला मिळालं. मागच्या गाड्यांत अडकलेल्यांपैकी कोणाकोणाचं गेलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि न कळण्यामुळेच तुम्हाला हसता येतं.

पुढची गाडी दोन मिनिटांत येणार होती. दोन मिनिटांनी विमान चुकणार असेल, तर तुमची घाई दारात नव्हे, तिकीट काढताना सुरू झालेली असते. त्याच्याकडे मी येणारच आहे.

याच अटलांटाने अलीकडे पश्चिमेच्या टोकाला गाडीचा बोगदा आणखी पुढे नेला. चालत्या विमानतळाच्या पोटात खोदकाम केलं. गाड्यांना टोकाला लवकर वळता यावं आणि दोन गाड्यांमधले मोजके सेकंद कमी व्हावेत, एवढ्यासाठी हा खटाटोप. अभियंत्यांनी वर्षानुवर्षं राबून मिळवलेले सेकंद तुम्ही एका बॅगेत घालवता, आणि तुम्हीही अभियंतेच आहात. मला राग आहे तो याचा.

‘लोकलची सवय, मॅडम,’ असं एक जण म्हणाला. हे कारण मी ऐकून घेणार नाही. २०१७ च्या डिसेंबरात पश्चिम रेल्वेवर वातानुकूलित लोकल आली. बंद दारांची गाडी कशी वापरायची, हे आता विरारचा माणूस रोज सकाळी शिकतो आहे, आणि तो तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त गर्दीत उभा असतो.

आणि मुळात तुम्ही त्या गाडीत चढताच कशाला? बी वरून सी ला जायचं तर अंतर साधारण तीनशे मीटर. गाडीला समांतर चालायची वाट आहे, सरकते पट्टे आहेत. ए आणि बी च्या मधल्या वाटेवर छताला झाडांची दाट पालवी केली आहे, पक्ष्यांचे आवाज येतात. बी आणि सी च्या मधे भिंतींवर त्या शहराचा इतिहास मांडला आहे. ही वाट धडधाकट माणसांसाठी आहे. हातात एक बॅग, पायात बूट, पस्तिशी-चाळिशीचं वय. एका स्टेशनासाठी तुम्ही गाडीत शिरता, तेव्हा काठी टेकत आलेला माणूस, कडेवर मूल असलेली बाई किंवा टी वरून थेट ई ला निघालेला प्रवासी फलाटावरच राहतो. ज्याला जमतं त्याने चालावं, म्हणजे ज्याला जमत नाही त्याला जागा मिळेल. हे सांगायला पदवी लागत नाही.

या गाड्यांच्या मुळाशी काय विचार आहे, तो पुन्हा समजून घ्या. विमानतळावरची अशी पहिली गाडी फ्लोरिडातल्या टॅम्पाला धावली, १९७१ साली. तिथल्या आराखडाकारांनी आधी गाडी ठरवली नाही, आधी आकडा ठरवला: मोटारीतून उतरलेल्या माणसाला विमानापर्यंत सातशे फुटांपेक्षा जास्त चालावं लागू नये. मग त्या आकड्यासाठी इमारतीचे दोन भाग केले. तिकिटं, सामान, गाड्या मधल्या इमारतीत आणि विमानं भोवतीच्या छोट्या इमारतींत. दोन्ही जोडायला चालकाविना धावणारे डबे आले. माणसाच्या पायांचा हिशेब आधी आणि काँक्रीट नंतर. तुमच्या पिढीने बांधलेल्या किती इमारतींबद्दल हे म्हणता येईल?

डॅलस-फोर्ट वर्थचं उदाहरण तर तुम्ही कोळून प्यायला हवं. १९७४ साली तो विमानतळ सुरू झाला तेव्हा टर्मिनल अर्धवर्तुळाकार ठेवली होती, म्हणजे माणूस मोटार घेऊन थेट आपल्या गेटपाशी येईल आणि चार पावलांत विमानात बसेल. त्या शहरातून निघणाऱ्यासाठी रचना उत्तम होती. पण १९७८ मध्ये अमेरिकेत विमान कंपन्यांवरची सरकारी बंधनं उठली. कंपन्यांनी एकेका विमानतळाला आपलं केंद्र केलं आणि सगळीकडची माणसं तिथे आणून विमान बदलायला लावली. आता प्रवाशाला मोटारीपासून गेटपर्यंत जायचंच नव्हतं, एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जायचं होतं, आणि अर्धवर्तुळात ते अंतर फार होतं. तिथे पहिल्यापासून स्वयंचलित गाडी होती, पण ती संथ होती. शेवटी २००५ मध्ये दोन्ही दिशांना धावणारी ‘स्कायलिंक’ आली, सुरक्षा तपासणीच्या आतल्या बाजूला. एकदा आत आलेल्या प्रवाशाला टर्मिनल बदलताना पुन्हा तपासणीच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. सोय कोणाची बघायची, इथून निघणाऱ्याची की इथे विमान बदलणाऱ्याची, हा प्रश्न आधी विचारला नाही की पुढे किती मोठी किंमत मोजावी लागते ते बघा. आणि डेन्व्हर. १९९५ साली सुरू झाला. तिथे बी आणि सी कॉनकोर्सला जायला गाडीशिवाय वाट नाही, पायवाटही नाही. गाडी बंद पडली की माणसं जिथल्या तिथे. पर्यायी वाट न ठेवणारा आराखडा तुम्ही वर्गात आणला असता तर मी परत दिला असता.

आता आपल्या घरी या.

मुंबईचं टी२ २०१४ साली सुरू झालं. मोरपिसाच्या नक्षीचं ते छत, ‘जय हे’ची ती कलावस्तूंनी भरलेली भिंत, सगळं देखणं आहे. मी स्वतः तिथे थांबून पाहिलं आहे. तुम्ही त्याचे फोटो टाकले, अभिमानाने टाकले, ठीक. पण टी१ सांताक्रूझच्या अंगाला, टी२ सहारला, मधे त्याच धावपट्ट्या, आणि या दोहोंना आतून जोडणारी स्वयंचलित गाडी नाही, याबद्दल तुमच्यापैकी एकाने तरी कधी अवाक्षर काढलं? परदेशातून टी२ वर उतरायचं, सामान घेऊन बाहेर पडायचं, रस्त्याने टी१ गाठायचं, पुन्हा ओळखपत्र, पुन्हा तपासणी. २०२४ च्या ऑक्टोबरपासून मेट्रो ३ ची स्टेशनं दोन्ही टर्मिनलांपाशी झाली, मधे एकटं सहार रोड. ती मोठीच सोय झाली आहे, हे मान्य. पण मेट्रो शहरासाठी आहे. दोन मोठ्या बॅगा, पाठीवर सॅक आणि सोबत सत्तरीचे वडील घेऊन विमान बदलणाऱ्यासाठी ती आखलेली नाही. दिल्लीत टी१ आणि टी३ ची हीच कथा. स्वयंचलित गाडीची चर्चा किती वर्षं चालू आहे, आणि माणसं बसने जात आहेत.

तुम्हाला याचा त्रास होत नाही, कारण तुम्हाला वाट माहीत आहे. कुठला दरवाजा, कुठली लिफ्ट, टॅक्सी कुठे मिळते, सगळं अंगवळणी पडलं आहे. विमान कंपन्या तुमचं मत विचारतात. तुमच्या कार्डाच्या रंगामुळे तुमचं पत्र वरपर्यंत जातं, इतर कोणाचं जात नाही. त्या पत्रांत तुम्ही काय लिहिलंत? लाऊंजमधली गर्दी, वायफायचा वेग, नाश्त्याला पोहे थंड होते. तुमच्या हातात असलेली एवढी मोठी ताकद तुम्ही स्वतःच्या पोळीवर तूप ओढून घेण्यात घालवली.

सहारला बाहेर पडण्याच्या दाराशी मी एक वयस्क जोडपं पाहिलं. ट्रॉलीवर दोन बॅगा, वरच्या बॅगेला ओळखीसाठी लाल चिंधी बांधलेली. आजोबांच्या हातात प्लास्टिकच्या पाकिटात घडी घातलेलं तिकीट, त्यावर कोणीतरी बॉलपेनने ‘टी१’ला गोल केला होता. त्यापुढे काहीच लिहिलं नव्हतं. टी१ म्हणजे ही इमारत नव्हे, तिथे गाडीने जायचं आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते मला विचारत होते, ‘वरच्या मजल्यावर आहे का हो?’ तिकीट मुलाने काढलं होतं. हुशार मुलगा असणार. स्वतः कितीदा तरी त्या वाटेने गेला असणार. त्या कागदावर चार ओळी मराठीत लिहायला त्याला किती वेळ लागला असता?

तिकिटाकडे येते म्हटलं होतं, ते हे. स्वतःच्या पायांनी तुम्ही आईवडिलांची कनेक्शन मोजता. विमान कंपन्या प्रत्येक विमानतळासाठी विमान बदलायला लागणारा किमान वेळ ठरवतात, आणि त्यात बसणारं तिकीट संगणक तुम्हाला दाखवतो. तो किमान वेळ आहे. पहिलं विमान वेळेवर आलं, वाट माहीत असली, पाय चालले आणि कोणाला काही विचारावं लागलं नाही, तर पुरणारा. दोन-चार हजार रुपये वाचतात किंवा माणसं दोन तास आधी घरी पोचतात म्हणून तुम्ही तो घेता. अमेरिकेत साधारणपणे जिथे पहिल्यांदा उतरतो तिथेच इमिग्रेशन होतं. पुढचं तिकीट असलं तरी सामान तिथेच पट्ट्यावरून उचलायचं, कस्टम्समधून न्यायचं, पुन्हा सुपूर्द करायचं आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. पट्टा, गोळ्यांचा डबा, मग ती गाडी, मग गेट. चौदा-पंधरा तास बसून सुजलेल्या पायांनी हे करायचं असतं. तुम्ही हे करता तेव्हा तुमच्या फोनवर नकाशा असतो. आईच्या फोनला तिथे रेंजही नसते.

मग तुम्ही उपाय काढता: व्हीलचेअर. गुडघ्यांचा त्रास आहे, दम लागतो, तोल जातो, त्यांनी ती अवश्य घ्यावी, हक्काने घ्यावी, त्याबद्दल कोणी एक शब्द बोलू नये. मी बोलते आहे ते ठणठणीत आईबद्दल. ती घरी रोज पहाटे टेकडी चढते. तिला इंग्रजी नीट येत नाही म्हणून तुम्ही तिच्या नावापुढे व्हीलचेअर लिहिता आणि निश्चिंत होता. पुढे काय होतं? तिला खुर्चीत बसवून एका भिंतीशी रांगेत लावतात. ढकलणारा माणूस दुसऱ्या प्रवाशाला आणायला जातो. तिला लघवीला जायचं असतं, पण उठावं तर पासपोर्ट त्याच्याकडे, आणि उठलं तर ‘ही तर चालते’ असं कोणी म्हणेल, याची धास्ती. ती तशीच बसून राहते. आणि जिला खरोखर पाऊल टाकता येत नाही ती दुसरी कोणाची आई विमानाच्या दाराशी खुर्चीची वाट बघत बसते, कारण खुर्च्या संपल्या. दोघींनाही तुम्ही अडकवलंत, आणि त्याला काळजी घेणं म्हणता.

तुमच्या आईने दादरच्या पुलावर आयुष्यभर मध्य रेल्वेतून पश्चिम रेल्वेत गाडी बदलली आहे. जलद कुठली, धिमी कुठली, कुठल्या डब्याने जिना जवळ पडतो, हे तिला तुमच्या आधी समजलं. तिला अटलांटाची गाडी समजणार नाही असं तुम्ही कशावरून ठरवलंत? तिथली अक्षरं ओळीने आहेत. ई वर उतरून बी ला जायचं तर पुढे डी, मग सी, मग बी: तिसरं स्टेशन. दारावर अक्षर लिहिलेलं असतं, आवाजही सांगतो. कागदावर सरळ रेघ ओढा, तिच्यावर सात टिंबं द्या, मराठीत अक्षरं लिहा, तिच्या टिंबाभोवती गोल करा. दोह्याला विमान बदलणार असेल तर सांगा की मधल्या चौकात भलंमोठं पिवळं अस्वल बसलं आहे, ती खूण धर. इमारतीच्या आत डोक्यावरून धावणारी गाडी लांबच्या गेटांकडे जाते, घाबरू नकोस, फुकट आहे. रविवारी एक तास तिच्याजवळ बसा आणि हे करा. कनेक्शन तीन-चार तासांचं घ्या. मग तिला विचारा की खुर्ची हवी का. ती सांगेल ते लिहा.

नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. आज एक टर्मिनल आहे, पुढे चार व्हायची आहेत, आणि ती स्वयंचलित गाडीने जोडण्याचं नियोजनात आहे. म्हणजे पुष्कळ काही अजून कागदावर आहे, आणि कागदावर असेपर्यंतच बोलण्याला अर्थ असतो. एकदा टर्मिनल उभं राहिलं की तुम्ही आणि मी नुसती चुटपुट लावून घेऊ.

लिहा. वर्गातल्या सगळ्यांनी मिळून एकच पत्र लिहा, आणि त्यावर तुमच्या त्या कार्डांचे क्रमांक घाला, कारण ते वाचले जातात. मागा की टर्मिनल बदलणाऱ्या प्रवाशाला सुरक्षा तपासणीच्या आतूनच गाडी मिळावी. गाडीला समांतर पायवाट हवी, सरकत्या पट्ट्यांसह, म्हणजे डेन्व्हरसारखी माणसं अडकणार नाहीत. फलाटावर टेकायला बाकं हवीत. लिफ्टमध्ये व्हीलचेअर आणि ती ढकलणारा माणूस दोन्ही मावले पाहिजेत. गेटांच्या पाट्यांवर चालायला किती मिनिटं लागतील ते लिहिलेलं असावं, आणि ती मिनिटं सत्तर वर्षांच्या माणसाच्या चालीने मोजलेली असावीत. गाडीतली प्रत्येक सूचना मराठीतही व्हावी. एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत जास्तीत जास्त किती चालावं लागेल, हा आकडा आधी जाहीर करा म्हणावं, टॅम्पाने केला तसा.

मसुदा महिनाअखेरीपर्यंत माझ्याकडे पाठवा. दोन गाड्यांमधल्या अंतराचा आणि फलाटाच्या रुंदीचा हिशेब सोबत जोडा, गर्दीची वेळ धरून. तो मी स्वतः तपासणार आहे.